डॉक्टरच्या गाडीचा ड्रायव्हर

माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून गेलं. त्यामुळे मला माणूस आधी पायांवरून कळतो, तोंड नंतर दिसतं. पायांचा एक फायदा असतो, ते गोड बोलत नाहीत.

सुरतेतल्या आमच्या खानदेशी मंडळाच्या अंकवाल्या भाऊंनी सांगितलं, "भटूभाऊ, जुनी गाडी घेताना काय बघायचं ते लिहा. आपल्या लोकांना उपयोग होईल." मी म्हटलं, भाऊ, मी तिसरीत दोन वर्षं बसलो अन् तिसऱ्या वर्षी मास्तरांनीच हात जोडले. मी बोलतो, तुम्ही लिहून घ्या. ते म्हणाले, "चालेल, पण खरं बोला." तिथेच माझी पंचाईत झाली. कारण या धंद्यात मी शहाणा झालो तो दुसऱ्याच बाजूने.

अमळनेरकडचं आमचं गाव. सुरतेला आलो लूमवर काम करायला. लूमवर तीन महिने टिकलो. धागा तुटला की मी भलताच धागा जोडायचो, साडीवर मोराच्या जागी काहीतरी कोंबडीसारखं यायचं. मालकाने उधन्याला एका डेंटरकडे पाठवलं. ठोकायचं काम, त्यात मोर नाही. तिथे हात बसला. आता डिंडोलीला माझं स्वतःचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर पत्रा अन् खाली मी.

रविवारी गॅरेज बंद. त्या दिवशी आपले खानदेशी लोक मला गाडी बघायला घेऊन जातात. फी काही नाही, जाताना लोचो खाऊ घालायचा. आमची मंडळी म्हणते, "लोकं तुमच्या डोक्यासाठी नाही नेत. तुम्ही असले की समोरच्याला आपोआप संशय येतो, अन् तो भाव उतरवतो."

तर आधी गाडी कशी बघायची ते सांगतो. मोफत आहे, घेऊन टाका.

पोहोचल्या पोहोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवली, म्हणजे थंड इंजिन त्याला तुम्हाला ऐकवायचं नाही. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दरवाजाचं रबर ओढून आतले कारखान्याचे गोल पंच, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, बघा. पंच नसले तर दरवाजाची जागा कोणीतरी माझ्यासारख्याने जोडलेली आहे. ब्रेकचं पॅडल घासून गुळगुळीत झालेलं अन् मीटरवर आकडा नव्या नवरीसारखा लाजरा, तर मीटर फिरवलेलं.

अन् सुरतेत सगळ्यात आधी सीटबेल्ट. पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. इथे तापीची रेल, म्हणजे पूर, येतो, खाडीपूर तर आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी घरात येऊन जातं. बुडालेली गाडी धुतात, गाद्या बदलतात, अत्तर मारतात. पण पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग आत गुंडाळलेला असतो, तो कोणी धूत नाही. तिथे बारीक पिवळा गाळ सापडतो.

मी धुवायचो. म्हणून मला माहीत आहे.

झालं असं की उधन्याच्या डेंटरनंतर मी एका शेठच्या कार बाजारात लागलो. शेठचं म्हणणं, गिऱ्हाईकाला दलाल नको असतो, त्याला घरचा मालक पाहिजे असतो. मग आपण घर देऊ. त्याने अडाजणला एक रो-हाउस भाड्याने घेतलं. दारावर डॉक्टरची पाटी, अंगणात तुळशीची कुंडी, कुंडीशेजारी गाडी. डॉक्टर परदेशी गेलेले. ते कायम परदेशीच असायचे, बिचाऱ्यांना एकदाही घरी येता आलं नाही. शेठची मेहुणी बाईसाहेब. ती फक्त एकदा दारात यायची अन् डोळे पुसत म्हणायची, "मारे तो वेचवी ज नथी." म्हणजे मला तर विकायचीच नाही. एवढं ऐकलं की गिऱ्हाईक लगेच खिशात हात घालायचं.

अन् ड्रायव्हर मी. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात फडकं. माझं वाक्य, "साहेब गाडीला मुलीसारखं ठेवत." ते मी फार चांगलं म्हणायचो. अडचण एकच, मला रिव्हर्स येत नव्हता. पुढे घेता यायची, मागे घ्यायची म्हटलं की माझा डावा-उजवा एक व्हायचा. एका रविवारी एक काठियावाडी माणूस आला. सगळं बघितलं अन् मला म्हणाला, "जरा पाछळ लो." मी मागे घेतली, ती थेट तुळशीच्या कुंडीवर. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग चपला घालून निघून गेला. शेठने मला आईवरून शिव्या दिल्या. बाईसाहेबांनी त्या दिवशी खरे डोळे पुसले, हसून हसून.

ती गाडी खाडीपुरातली. स्टिअरिंगपर्यंत पाणी गेलेलं. चार दिवस मी टूथब्रशने आतला गाळ काढला होता. स्वतःचे दात मी इतके कधी घासले नाहीत. पण तीन महिने झाले तरी गाडी जाईना.

अन् तेव्हा हिंमत आला.

हिंमत माझा साडू. सचिनच्या डाइंग मिलमध्ये फोल्डिंगला. त्याची बायको अन् माझी बायको सख्ख्या बहिणी, दोघांची घरं एका गल्लीत. त्याचे वडील गावी, पारोळ्याजवळ, आजारी असायचे. बोलावणं आलं की हा रात्रपाळी टाकून एसटीने पळायचा. मला म्हणाला, "साडूभाऊ, दलालनी गाडी नको. घरगुती मालक पाहाय. तू पारखी माणूस."

मी त्या रविवारी सुट्टी घेतली. ड्रायव्हर दुसरा उभा केला. अन् साडूला सांगितलं, "ओळखीच्या डॉक्टरची आहे. डोळे झाकून घे."

त्याने खरंच डोळे झाकले. ना बोनेट बघितलं, ना पट्टा. बाईसाहेब "वेचवी ज नथी" म्हणाल्या तर उलट तोच त्यांची समजूत घालत बसला. गाडी घरी आली, बायकांनी ओवाळली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकाखाली लिंबू ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ठेवलं. चाक जाताना फट्‌ असा आवाज झाला. पण दलाली खिशात होती, त्यामुळे तो आवाज मी फार ऐकला नाही.

श्रावणात त्याला गावाहून फोन आला, वडील गेले, लवकर ये. तो बायकोपोरांना घेऊन निघाला. नवापूरच्या पुढे गाडी जी बंद पडली ती पडली. वायरिंग आतून कुजलेलं. भर दुपारी रस्त्यावर तीन तास उभा, मग एका ट्रकने पुढे गेला. गावात पोहोचला तेव्हा धाकट्या भावाने अग्नी देऊन झाला होता. लोकांनी वाट पाहिली, पण किती पाहणार? थोरल्या मुलाला बापाचं तोंड दिसलं नाही.

मला तो एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो शिव्या द्यायचा त्या डॉक्टरला. सणाला जेवायला बसलो की कशावरून तरी गाडीचा विषय निघायचा अन् हिंमत म्हणायचा, "तो डाक्टर! कोठे बी ऱ्हावो, त्याना हात गयी पडोत." अन् मी काय करायचो? मी म्हणायचो, "लई हरामी माणूस." वर एक भजं उचलायचो. जो डॉक्टर जगात नव्हता त्याला आम्ही दोघांनी मिळून दहा-अकरा वर्षं शिव्या घातल्या. त्यातल्या चांगल्या चांगल्या माझ्या होत्या.

त्यानंतर मी शेठची नोकरी सोडली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. सोडली नाही. वर्षभराने शेठनेच बाजार गुंडाळला, तेव्हा सुटली.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. हिंमत एके दिवशी गॅरेजवर आला. स्टुलावर बसला. म्हणाला, "आई एकली शे गावले. इकडे येत नही, घर सोडत नही. गाडी लेनी शे."

मी पाना खाली ठेवला.

"या टाइमले माले पोचनं शे, साडूभाऊ."

मी म्हटलं, या वेळी मी अशी गाडी बघून देईन की विकणाऱ्याला लाज वाटेल. अन् कामाला लागलो. दोन महिन्यांत अकरा गाड्या नापास केल्या. एक डोंबिवलीच्या बाईची सांगितली, तर डिक्कीत उसाच्या रसाच्या दुकानाचा बोर्ड निघाला. एक फौजीची होती, फौजीला विचारलं कुठे होता पोस्टिंगला, तर म्हणाला, "बॉर्डरवर." कोणत्या? "दोन्ही." मला गाडीपेक्षा घरांचाच जास्त संशय यायचा. दारावर पाटी दिसली की मी हाताने हलवून बघायचो, चिकटवलीय की ठोकलीय. एका ठिकाणी कुत्रं शेजाऱ्याला बघून शेपूट हलवत होतं अन् मालकावर भुंकत होतं. ती गाडी मी बघितलीसुद्धा नाही.

बारावी गाडी कतारगामची. जीवराजकाका, हिरे घासायचं काम केलेला म्हातारा, सोसायटीत तळमजल्यावर एकटाच. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन होऊनही धड दिसेना, म्हणून गाडी विकायची. मी बोनेटवर हात ठेवला, थंड. चुंबक फिरवलं, सगळीकडे चिकटलं. पंच जागेवर. पट्टा ओढला, शेवटपर्यंत कोरा. काचांवरचं साल एकच. पॅडल अन् मीटर जुळलेलं.

आता मला घाम फुटला. काहीच सापडत नाही म्हणजे लपवणारा माझ्यापेक्षा मोठा कलाकार आहे.

त्यात काका स्वतःच बोलायला लागले. "मागच्या डाव्या दरवाजाला गोबो, म्हणजे पोचा आहे, गायीने मारला. एसी थंड व्हायला वेळ लावतो. अन् तिसरा गियर सकाळी जरा नखरे करतो."

मी हिंमतला बाजूला घेतलं. "बारीक दोष स्वतः सांगतो, म्हणजे मोठा लपवतो."

हिंमत म्हणाला, "मोठा कोनता?"

"तोच तर सापडत नाही ना!"

हिंमतला गाडी आवडली होती. त्याने भाव सांगितला, मी चिमटा काढल्यामुळे जरा कमीच. काकांनी ऐकला, मान हलवली. आत गेले, चावी अन् आरसीबुकाची झेरॉक्स घेऊन आले, हिंमतच्या हातात ठेवली. म्हणाले, आमच्या हिऱ्याच्या बाजारात पद्धत आहे. घेणाऱ्याने भाव बोलला की पडीकं, म्हणजे हिऱ्याची कागदाची पुडी, त्याच्या नावाने सील करायचं. मग मालकाने हो किंवा नाही म्हणेपर्यंत ते दुसऱ्या कोणाला उघडून दाखवायचं नाही. "तुम्ही भाव बोललात. गाडी तुमच्या नावे सील. मी दोन दिवसांत मुलाला विचारून सांगतो. तोवर घेऊन जा, फिरवा, निरांते जोई लो, निवांत बघा."

ना बयाना, ना चिठ्ठी, ना नाव विचारलं. रस्त्यावरच्या दोन माणसांना गाडी देऊन म्हातारा आत चहा ठेवायला गेला.

तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? मी म्हटलं, चोरीची आहे. नाहीतर ॲक्सिडेंटची. नाहीतर बँकेची. नाहीतर या गाडीत कोणीतरी मेलंय.

दोन दिवस मी ती गाडी सोलली. गाद्या काढल्या, कार्पेट काढलं, दरवाजांची आतली पॅनलं काढली. चेसिस नंबर कागदाशी लावून बघितला. आरटीओच्या दलालाकडून कर्जाची नोंद काढली, कोरी निघाली. काकांच्या सोसायटीच्या वॉचमनला जाऊन पानपट्टीवर गाठलं. मी म्हटलं, "काकांच्या मुलीसाठी स्थळ आणलंय, माणूस कसा आहे?" वॉचमन म्हणाला, "काकांना मुलगीच नाही." मी म्हटलं, "म्हणजे भाची." वॉचमनने पान तोंडात घातलं अन् माझ्या चपलांकडे बघायला लागला. तोपर्यंत मला वाटायचं, पाय बघून ओळखणारा मी एकटाच.

घरी बायको म्हणाली, "लग्नाच्या वेळी माझ्या बापाने तुमचा इतका तपास केला असता, तर मी आज सुखात असते."

दोन दिवसांनी मी सगळं परत जोडलं, एक स्क्रू उरला तो डिक्कीत टाकला. हिंमतला सांगितलं, "गाडीत काही नाही. पण घेऊ नको."

"का?"

"काही नाही म्हणूनच."

त्याने चावी उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "चाल, काकाले इचारूत."

कतारगामला आम्ही निघालो. चालवायला मी. सोसायटीत काका बाहेर खुर्ची टाकून बसलेले. वॉचमनने आधीच सगळं सांगितलेलं, कारण मला बघून ते हसले, "काय, माझ्या भाचीचं जमलं का?" मी खाली मान घातली. ते म्हणाले, "तपास करवो ज पडे, त्यात काय. मुलाने हो म्हटलंय, तुमच्याच भावात. गाडी तेवढी जागेवर लावा."

जागा म्हणजे भिंतीला लागून, मागे घेऊन लावायची.

इतक्या वर्षांत मी रिव्हर्स शिकलोय, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. गॅरेजवर रोज करतो. पण त्या दिवशी मान खाली, कान गरम. मी मागे घेतली अन् खळ्ळ असा आवाज झाला. उतरून बघितलं तर कुंडी. तुळशीची.

काका खुर्चीतून उठले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी अगदी जवळ आले, हिरा बघावा तसं माझ्या तोंडापाशी तोंड आणलं. अन् एकदम टाळी वाजवली.

"अरे! आ तो पेला डॉक्टरनो ड्राइवर!"

मी म्हटलं, "कोणता डॉक्टर, काका? मी तर डेंटर."

"अडाजण! रो-हाउस! बाई म्हणायची वेचवी ज नथी!" काका हसता हसता खोकायला लागले. "तेव्हाही तुळस पाडलीस! मी घरी येऊन बायकोला म्हटलं, ड्रायव्हरला रिव्हर्स येत नाही, म्हणजे ड्रायव्हर खोटा. ड्रायव्हर खोटा म्हणजे डॉक्टर खोटा. डॉक्टर खोटा म्हणजे गाडी खोटी. त्या दिवशी ठरवलं, जुनी घ्यायचीच नाही. अन् ही नवी घेतली, हीच!"

ते गाडीच्या टपावर थाप मारत होते. हिंमत हसत नव्हता. हिंमत माझ्याकडे बघत नव्हता, त्या फुटलेल्या कुंडीकडे बघत होता. मग हळूच काकांना विचारलं, "कोणता रंग होता त्या गाडीचा?"

काकांनी सांगितला. पुढच्या काचेवर गणपती होता तेही सांगितलं. तो गणपती मीच चिकटवला होता.

थोड्या वेळाने काकांच्याही लक्षात आलं की इथे विनोद संपलाय. त्यांनी हिंमतच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "गाडी तुझ्या नावे सील आहे, ती तुझीच. पण दीकरा, गाडी दोनदा तपासलीस, तपासणारा एकदा तरी तपासायचा होतास."

कागदांवर सह्या झाल्या. परतताना हिंमतने चावी माझ्या हातातून घेतली. मी पुढे बसायला गेलो तर पुढच्या सीटवर त्याने कागदांची पिशवी ठेवली. मी मागे बसलो. उधना आलं. मग आरशात न बघता म्हणाला,

"तुले म्हाईत व्हतं?"

"हो."

"पानीनी गाडी शे, हाई बी?"

"मीच धुतली होती."

गाडी थोडी पुढे गेली.

"मी त्या डाक्टरले इतला वरीस गाया दिन्यात. तू बी देत व्हता."

"मी स्वतःलाच देत होतो, हिंमत."

हे मी मोठ्या मनाने बोललो असं मला वाटलं. त्याने गाडी बाजूला घेतली.

"उतर."

उतरलो. उधन्याहून डिंडोलीपर्यंत पायी आलो. वाटेत कुंड्यांचं दुकान लागलं, तिथून एक कुंडी अन् तुळस घेतली, दुसऱ्या दिवशी काकांना देऊन आलो. त्यांनी ती वॉचमनला आत घ्यायला लावली. मला म्हणाले, "तू लांबच उभा राहा."

सहा महिने हिंमत बोलला नाही. एकाच गल्लीत राहतो आम्ही. समोर आलो तर तो माझ्या चपलांकडे बघून निघून जायचा. बहिणी-बहिणींचं चालू होतं, वाटीतून भाजी जायची-यायची. बायकोने मला विचारलं, खरं का? मी खरं सांगितलं. चार दिवस माझ्या ताटात मीठ कमी पडत होतं.

फाल्गुनात त्याची आई पडली. सकाळी फोन आला, हा नाश्ता न करता निघाला. मी गॅरेजवर होतो, गाडी समोरून गेली ती बघितली. मग त्या दिवशी मी एकही काम केलं नाही. दर तासाला बायकोला विचारायचो, नवापूर झालं का? झालं. साक्री झालं का? झालं. दुपारी बायको म्हणाली, "पोचले." मी पत्र्याखाली गेलो अन् एका रिकाम्या गाडीखाली बराच वेळ झोपून राहिलो. तिथे कोणी तोंड बघत नाही.

आई आणखी पाच दिवस जगली. हिंमत त्या पाचही दिवशी तिच्या खाटेपाशी होता. अग्नी त्यानेच दिला.

तेराव्यानंतर सुरतेला परतला अन् एके दुपारी गाडी माझ्या गॅरेजसमोर लावली. म्हणाला, "ऑइल बदल." एवढंच. मग बोनेट उघडलं तसा माझ्या डोक्यावर उभा राहिला. मी कोणता डबा उघडतो, कोणता नट काढतो, सगळं बघत होता. नवं फिल्टर त्याने हातात घेऊन फिरवून बघितलं. काम झाल्यावर ऑइलची दांडी स्वतः काढली, पुसली, परत घातली, परत काढून बघितली. हे सगळं मीच लोकांना शिकवलंय.

दुसऱ्या वेळीही तसंच.

आता दिवाळीआधी तिसऱ्यांदा आला. ब्रेक बघायचे होते. चावी पत्र्याच्या खिळ्याला अडकवली अन् म्हणाला, "मी चहा पिसू." अन् गाडी माझ्याकडे सोडून निघून गेला.

चहाची टपरी माझ्या गॅरेजच्या बरोबर समोर आहे, रस्त्यापलीकडे. मी गाडीखालून वाकून बघितलं. त्याचे पाय मला दिसले. बाकड्यावर बसला होता, ग्लास हातात, तोंड माझ्याकडे.

मी उठलो, गाडी थोडी फिरवली, म्हणजे उघडायचं चाक त्याच्या बाजूला येईल. पुढे घेऊन फिरवली. मागे नाही घेतली.